अमेरिकेतील ट्रॅफिक तिकीट : दंडाची पावती नव्हे, न्यायालयाची तारीख

शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेली मुले आज आपल्या अनेक घरांत आहेत. सुट्टीत आई-वडील त्यांच्याकडे जातात, सारे मिळून मोटारीने दूरच्या प्रवासाला निघतात आणि सरळ, मोकळ्या महामार्गावर वेगाचे भान सुटते. मागून पोलिसांच्या गाडीचे दिवे चमकतात. अधिकारी कागदपत्रे पाहतो, एक कागद हाती ठेवतो आणि निघून जातो. हा कागद म्हणजे ट्रॅफिक तिकीट. महाराष्ट्रातील ई-चलानाची सवय झालेल्या मनाला ती दंडाची पावती वाटते. ‘सवडीने भरू’ असे म्हणून ती मोटारीच्या कप्प्यात पडून राहते. वास्तविक तो बहुधा न्यायालयाचा समन्स असतो. त्यावर तारीख असते, आणि त्या दिवशी कोणी हजर असो वा नसो, प्रकरण पुकारले जाते.

प्रथम न्यायालय शोधावे

अमेरिकेत वाहतुकीच्या गुन्ह्यांसाठी संपूर्ण देशाचे एक कार्यालय नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आणि राज्याच्या पोटात काउंट्या. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. मात्र ग्रामीण काउंटीची वस्ती एखाद्या मोठ्या खेड्याइतकीच असू शकते. अशा देशभरात तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. वाहन जेथे थांबवले गेले, त्या स्थळावर अधिकार असलेले न्यायालयच प्रकरण ऐकते. चालक कोठे राहतो यावर ते ठरत नाही.

व्हर्जिनिया राज्यातील ग्रीन्सव्हिल काउंटी हे याचे चांगले उदाहरण आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेला लागून असलेल्या या काउंटीची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेनुसार ११,०००च्या आसपास. उत्तर-दक्षिण जाणारा आय-९५ हा गजबजलेला महामार्ग येथून जातो. काउंटीच्या मधोमध एम्पोरिया हे छोटे शहर आहे. परंतु व्हर्जिनियाच्या रचनेप्रमाणे ते स्वतंत्र शहर असून काउंटीचा भाग नाही. त्यामुळे अवघ्या काही मैलांच्या अंतरात हद्द बदलते. तिकीट राज्य पोलिसांनी दिले, काउंटीच्या शेरीफने दिले की शहर पोलिसांनी, आणि घटना कोणाच्या हद्दीत घडली, हे कागदावरून नीट पाहावे लागते. व्हर्जिनियात अशी प्रकरणे जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतात. न्यूयॉर्कच्या ग्रामीण भागात ती टाऊन वा व्हिलेज न्यायालयाकडे जातात, तर टेक्सासच्या काउंट्यांत जस्टिस ऑफ द पीस या न्यायाधिकाऱ्याकडे.

कागद हरवला तर

तिकीट हरवले म्हणून प्रकरण हरवत नाही. व्हर्जिनियाच्या न्यायव्यवस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर न्यायालय निवडून नाव, प्रकरण क्रमांक किंवा सुनावणीची तारीख यांपैकी एकाच्या आधारे नोंद विनामूल्य शोधता येते. येथे भारतीय नावांची मोठी अडचण होते. ‘शहा’ हे आडनाव इंग्रजीत काही घरे शेवटी ‘ए’ अक्षर जोडून लिहितात, काही जोडत नाहीत. वडिलांचे वा पतीचे नाव मधल्या जागी असते. तेच कधी आडनाव म्हणून नोंदले जाते. म्हणून एका शोधात नाव सापडले नाही, तर नोंदच नाही असा निष्कर्ष काढू नये. आडनावाची सर्व रूपे आणि नावांची अदलाबदल करून पाहावी. परवान्यावर नाव जसे छापलेले आहे, त्या रूपापासून आरंभ करणे सोयीचे.

एवढ्यानेही हाती काही लागले नाही, तर संबंधित काउंटीच्या न्यायालयातील क्लर्कच्या कार्यालयाला दूरध्वनी करावा. प्रवासाची तारीख, महामार्गाचा क्रमांक आणि जवळच्या गावाचे नाव हाताशी ठेवावे. क्लर्क प्रकरण क्रमांक, तारीख आणि भरावयाची रक्कम सांगू शकतो. कायदेशीर सल्ला मात्र देत नाही. सर्व राज्यांत संगणकीय शोधाची सोय सारखी नाही. ती नसेल तेथे हा दूरध्वनीच खरा मार्ग ठरतो.

पैसे भरण्यापूर्वी कलम वाचावे

तिकिटावर अधिकाऱ्याने सही घेतली असेल, तर ती गुन्ह्याची कबुली नसते. परंतु तारखेपूर्वी दंड भरून मोकळे होणे हे दोष मान्य करण्यासारखेच आहे. त्याची नोंद वाहन-परवान्याच्या अभिलेखात होते, दोषांक लागतात आणि विम्याचा हप्ता वाढू शकतो. म्हणून आरोप कोणता, हे आधी वाचावे.

व्हर्जिनियात याला विशेष महत्त्व आहे. साधा वेगभंग हा तेथे फौजदारी गुन्हा नाही. तो बहुधा दंड भरून मिटवता येतो. पण मर्यादेपेक्षा ताशी २० मैल वा अधिक वेग, किंवा मर्यादा काहीही असली तरी ताशी ८५ मैलांहून अधिक वेग, याला ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ म्हणतात. राज्यातील कमाल वेगमर्यादा ताशी ७० मैल आहे. तेथे ८६ मैलांनी, म्हणजे मर्यादेपेक्षा केवळ १६ मैल अधिक वेगाने जाणाराही या कलमात सापडतो. हा पहिल्या वर्गाचा मिसडिमीनर, अर्थात फौजदारी अपराध आहे. त्याला १२ महिन्यांपर्यंत कारावास आणि २,५०० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. दोषसिद्धीची नोंद परवान्याच्या अभिलेखात ११ वर्षे राहते. असा आरोप घरबसल्या दंड भरून मिटत नाही. व्हिसाच्या अर्जात अटक वा दोषसिद्धीविषयी प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर खरेच द्यावे लागते. विद्यार्थ्याच्या किंवा नोकरदाराच्या भवितव्याशी गाठ असल्याने अशा वेळी त्याच काउंटीत काम करणारा वकील नेमणे शहाणपणाचे. परदेशी नागरिकाने व्हिसा-कायद्याच्या जाणकाराचाही सल्ला घ्यावा.

गैरहजेरीची किंमत

साध्या नियमभंगात कोणी हजर झाले नाही, तर न्यायालय गैरहजेरीत निकाल देऊ शकते. दंडात न्यायालयीन खर्चाची भर पडते. फौजदारी आरोपात गैरहजर राहिल्यास अटकेचा आदेश निघू शकतो. ‘आपण दुसऱ्या राज्यात राहतो’ किंवा ‘आपला परवाना भारतीय आहे’ या समजुतीने सुटका होत नाही. बहुतेक राज्यांनी आपसांत करार केले असून बाहेरच्या राज्यातील तिकिटाची दखल न घेतल्यास राहत्या राज्यातील परवाना निलंबित होऊ शकतो. भारतीय परवान्यावर वाहन चालवणाऱ्या पाहुण्याचे प्रकरणही तो मायदेशी परतल्याने संपत नाही. पुढच्या भेटीपर्यंत ते तसेच उभे राहते.

उशीर झाला असला तरी सारे दरवाजे बंद होत नाहीत. व्हर्जिनियात निकालानंतर १० दिवसांच्या आत सर्किट कोर्टात अपील करता येते आणि तेथे प्रकरण नव्याने ऐकले जाते. तसेच ६० दिवसांच्या आत प्रकरण पुन्हा उघडण्यासाठी त्याच न्यायालयात अर्ज करता येतो. तो मान्य करणे न्यायाधीशांच्या हाती असते. मुदत मोजण्याचे काम मात्र पक्षकारालाच करावे लागते.

भाड्याच्या मोटारीबाबत एक भेद ध्यानात ठेवावा. पोलिसांनी थांबवून दिलेले तिकीट चालकाच्या नावावर असते. कॅमेऱ्याने टिपलेला नियमभंग किंवा टोल प्रथम मालक कंपनीकडे जातो आणि कंपनी आपले शुल्क लावून तो ग्राहकाकडे पाठवते. याच गोंधळाचा फायदा भामटे घेतात. थकीत टोलच्या खोट्या संदेशांविषयी एफबीआयने २०२४ मध्येच सावध केले होते. संदेशातील दुव्यावरून पैसे भरू नयेत. न्यायालयाचा दूरध्वनी क्रमांक स्वतः शोधून खात्री करावी.

नोंद मिटल्याचा पुरावा

रक्कम भरली म्हणजे काम संपले, असे व्यवहारी माणूस मानत नाही. खाते बंद झाल्याची नोंद तो मागून घेतो. येथेही पावतीबरोबर अंतिम निकालाची प्रमाणित प्रत क्लर्ककडून घ्यावी. काही आठवड्यांनी परवाना-खात्याकडील आपला अभिलेख तपासून नोंद बरोबर उतरली आहे ना, हे पाहावे. ही प्रत पासपोर्टच्या कागदांबरोबर जपून ठेवावी. पुढे व्हिसाच्या मुलाखतीत किंवा नव्या नोकरीच्या चौकशीत तिचा उपयोग होतो.

मुलांनाही एवढे जरूर सांगावे, की असा कागद हाती आला तर तो घरच्यांपासून लपवू नये. रागावण्याच्या भीतीने दडवलेले तिकीट तारीख उलटल्यावरच उघडकीस येते, आणि तोवर साध्या दंडाचे मोठे प्रकरण झालेले असते. त्याच दिवशी कागदाचे छायाचित्र काढावे, सुनावणीची तारीख दिनदर्शिकेवर टिपावी आणि त्या आठवड्यातच न्यायालयाची नोंद शोधावी.