गॅसवर चालणाऱ्या शीतकपाटाची निगा

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषि पर्यटनाचे व २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. निवासाची सोय असलेली मोटारगाडी शेताच्या कडेस मुक्कामास येणे ही गोष्ट त्यामुळे आता अपूर्व राहिलेली नाही. नागफणीच्या कड्यालगत वसलेल्या कुरवंड्यासारख्या गावी अशी गाडी आली, म्हणजे यजमान शेतकऱ्याचे दूध, दही व खरवस पुष्कळदा त्या गाडीतील गॅसच्या शीतकपाटातच ठेवले जाते. या कपाटाचे तंत्र ठाऊक नसल्यास दूध तर नासतेच, शिवाय गाडीत झोपलेल्या माणसांच्या जिवासही धोका संभवतो.

हे कपाट ज्योतीच्या उष्णतेने थंडी निर्माण करते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. स्वीडनमधील बाल्टझार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही युक्ती शोधून काढली. नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी व हायड्रोजन कायमचे बंद केलेले असतात. ज्योतीच्या तापाने अमोनिया पाण्यातून वेगळा होतो, थंड होऊन द्रवरूप बनतो व पुढे हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याची वाफ होताना कपाटातील उष्णता शोषून घेतो. नंतर तो पुन्हा पाण्यात मिसळतो. यात पंप नाही की फिरणारा भाग नाही. द्रव केवळ उतारानेच वाहतो. म्हणून गाडी सपाट जागी उभी करणे ही पहिली अट होय. कुरवंड्याकडील उतारावर याचीच आबाळ होते. गवंड्याची पाणसळ कपाटाच्या तळावर आडवी व उभी ठेवून पाहावी आणि चाकाखाली फळी सरकवून गाडी समतल करावी. कललेल्या स्थितीत कपाट दीर्घकाळ चालविल्यास नळ्या आतून तुंबतात, व तो दोष सहसा दुरुस्त होत नाही.

ज्योत निळी व स्थिर असावी. पिवळी ज्योत दिसल्यास काजळी साचली, हवेचा मार्ग कोंडला अथवा जेट बिघडला असे समजावे. अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्यास वास नसल्याने झोपलेल्या माणसास त्याची जाणीवही होत नाही. सफाईपूर्वी सिलिंडर बंद करून बर्नर पूर्ण निवू द्यावा. धुराड्यातील पट्टी बाहेर काढून धुराडे ब्रशाने झाडावे व पट्टी पूर्वीच्याच उंचीवर टांगावी. जेट स्पिरिटमध्ये भिजवून वाळवावा, परंतु त्यात सुई किंवा तार कदापि घालू नये. छिद्र किंचित मोठे झाले तरी गॅस अधिक जातो व काजळी पुन्हा धरते. गाडी काही महिने उभी राहिली असल्यास बर्नरच्या नळीत कोळ्याचे जाळे अथवा कुंभारणीचे मातीचे घर आढळते. (कुंभारणीस अशी नळी फार आवडते, हा आमचा अनुभव आहे.)

नळीचे सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत, काडी पेटवून कधीही नव्हे. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे गाडीच्या तळाशी असलेली झरोक्याची जाळी चिखलाने बुजता कामा नये. कपाटाच्या पाठीमागे अमोनियाचा उग्र वास आला किंवा पिवळी भुकटी दिसली, तर कपाट तत्काळ बंद करून गाडीची दारे उघडावीत. त्या नळ्यांस वेल्डिंग करविणे धोक्याचे आहे, कारण आत दाबाखाली हायड्रोजन असतो.

लोणावळ्याच्या पावसाळी हवेत दाराच्या रबरी पट्टीवर बुरशी लवकर धरते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून आतील बाजू व पट्टी पुसावी आणि कोरडी करावी. बर्फाचा थर अर्ध्या सेंटीमीटरइतका झाला की कपाट बंद करून तो वितळू द्यावा, सुरीने खरवडू नये. हे कपाट हळू थंड होते, तेव्हा ते आदल्या रात्रीच सुरू करावे व धारोष्ण दूध तसेच न ठेवता आधी थंड पाण्यात निववून ठेवावे. आत तापमापक असावा व दुधासाठी तापमान ४ अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नये. जनावरांच्या लसी मात्र यात ठेवू नयेत. त्यांना २ ते ८ अंशांचे अखंड तापमान लागते आणि ते येथे खात्रीने टिकत नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हे गोपालकांस आवर्जून सांगावे.

प्रवासात व पेट्रोल पंपावर ज्योत विझवावी. हंगाम संपल्यावर कपाट रिकामे करून, कोरडे पुसून, दार दोन बोटे उघडे राहील असा लाकडी तुकडा फटीत बसवावा.