दोन दारांच्या मधला खांब

दिल्ली आणि तिच्या परिसरातील गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद व फरीदाबाद या नगरांत घराच्या दुरुस्तीचा विषय निघाला की मोटारीच्या जागेचा प्रश्न अग्रक्रमाने पुढे येतो. जुन्या कोठ्यांमध्ये दोन मोटारींसाठी शेजारी शेजारी दोन लहान दारे व त्यांच्या मध्ये एक खांब अशी रचना अनेक ठिकाणी आढळते. ही रचना त्या काळाला साजेशी होती. १९८३ साली गुरुग्रामच्या कारखान्यातून बाहेर पडलेली मारुती ८०० ही मोटार जेमतेम १.४ मीटर रुंद होती. आज रस्त्यावर दिसणाऱ्या उंच बांधणीच्या अनेक मोटारींची रुंदी १.८ मीटरच्या घरात किंवा त्याहून अधिक असते आणि त्यात दोन्ही बाजूंच्या आरशांची भर पडते. साहजिकच दोन लहान दारे काढून त्यांच्या जागी एकच रुंद दार बसवावे, असा विचार अनेक गृहस्वामी करतात. हा विचार योग्य आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी कोणत्या बाबी तपासाव्यात, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

लाभ कोणता?

मधला खांब गेल्याने त्याच्या जाडीइतकी, म्हणजे साधारणतः एक ते दीड फूट, रुंदी मोकळी होते. त्याहून मोठा लाभ वळणाचा आहे. अरुंद गल्लीतून काटकोनात वळून आत शिरणाऱ्या मोटारीला दार जितके रुंद तितके कमी वेळा मागेपुढे करावे लागते. मात्र एका गैरसोयीचीही नोंद घ्यावयास हवी. दोन स्वतंत्र दारांपैकी एक बिघडले तरी दुसरे चालू राहते. एकच दार अडले तर दोन्ही मोटारी आत अडकतात.

भार कोण वाहतो?

दाराची निवड करण्यापूर्वी विचारावयाचा खरा प्रश्न एकच आहे: मधल्या खांबावर काय उभे आहे? खांब केवळ कुंपणाच्या दोन फाटकांमध्ये असेल, तर तो फाटकांपुरताच भार वाहतो व त्याला हलविणे तुलनेने सोपे असते. गॅरेजवर केवळ हलके पत्र्याचे छप्पर असेल, तर पोलादी तुळई घालून काम भागू शकते. परंतु गॅरेजच्या माथ्यावर दोन-तीन मजले असतील, तर तो खांब त्या मजल्यांच्या आधारांपैकी एक असण्याची दाट शक्यता असते.

येथे साधे गणित उपयोगी पडेल. दोन टोकांवर टेकलेल्या व सर्वत्र सारखा भार वाहणाऱ्या तुळईचा गाळा दुप्पट केला, म्हणजे अडीच मीटरचा पाच मीटर केला, तर तिला वाकविणारा जोर चौपट होतो. तीच तुळई कायम ठेवल्यास तिचा मध्यभागीचा झोल तर सोळा पट वाढतो. म्हणजेच दार दुपटीने रुंद करताना वरची तुळई दुपटीने मजबूत करून भागत नाही. शिवाय मधल्या खांबाचा भार आता दोन्ही टोकांच्या खांबांवर व त्यांच्या पायांवर पडतो. त्यांची तपासणी केल्याविना खांब तोडणे धोक्याचे होय.

भुजचा धडा

दिल्ली भूकंपप्रवण क्षेत्रात मोडते. भारतीय मानक १८९३ च्या २००२ व २०१६ या दोन्ही आवृत्त्यांत तिचा समावेश चौथ्या क्षेत्रात करण्यात आला. २६ जानेवारी २००१ रोजी भुज येथे भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी कित्येकींचा तळमजला वाहनतळासाठी मोकळा ठेवलेला होता. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असल्याने ते ताठ राहतात आणि खाली केवळ खांब असल्याने इमारतीची सारी हालचाल तळमजल्यात एकवटते. अशा तळमजल्यातील एखादा खांब किंवा आधारभिंत काढून टाकणे म्हणजे आधीच दुबळ्या असलेल्या भागाला अधिक दुबळे करणे होय. यास्तव स्थापत्य अभियंत्याकडून, त्यातही संरचनेच्या जाणकाराकडून, लेखी अहवाल घेणे अगत्याचे आहे. दार विकणाऱ्याचे किंवा ठेकेदाराचे तोंडी आश्वासन त्याची जागा घेऊ शकत नाही.

दार कसे असावे?

खांबाचा प्रश्न सुटल्यावरच दाराकडे वळावे. रुंद शटरच्या पट्ट्या लांब असल्याने त्या मध्यभागी वाऱ्याने आत-बाहेर दबतात. मे-जून महिन्यांत उत्तर भारतात येणारी धुळीची वादळे लक्षात घेता पट्ट्यांची जाडी व बाजूच्या खाचांची खोली त्या रुंदीला अनुरूप असावी. एवढे वजन हाताने उचलणे कष्टाचे असल्याने विजेवर चालणारी मोटर घ्यावी लागते. वीज गेल्यास हाताने चालविण्याची सोय तीत असलीच पाहिजे. खाली येणाऱ्या दाराखाली लहान मूल किंवा वस्तू आल्यास दार आपोआप थांबेल, अशी योजनाही हवी. बिजागरीचे फाटक असेल तर पाखे दुप्पट रुंद व म्हणून दुप्पट जड झाल्यावर बाजूच्या खांबावरील ताण चौपट होतो. अशा ठिकाणी रुळावर सरकणारे फाटक अधिक श्रेयस्कर ठरते. फाटक कोणतेही असो, ते रस्त्याच्या दिशेने उघडू नये.

परवानगी व संमती

दिल्लीत २०१६ पासून एकीकृत इमारत उपविधी लागू आहेत. गुरुग्राम व फरीदाबाद हरियाणात, तर नोएडा व गाझियाबाद उत्तर प्रदेशात असल्याने तेथील नियम व प्राधिकरणे निराळी आहेत. रंगरंगोटी किंवा फरशी बदलणे वेगळे आणि भार वाहणारा भाग बदलणे वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या कामास हात घालण्यापूर्वी संबंधित प्राधिकरणाकडे चौकशी करावी. मजले वेगवेगळ्या मालकांचे असतील तर त्यांची लेखी संमती घ्यावी, कारण खांब तळमजल्यावर असला तरी त्याच्या आधाराने सर्वच मजले उभे असतात.

बँकेचा संबंध

घर बँकेकडे तारण असेल तर बँकेस पूर्वकल्पना देणे आवश्यक ठरते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६६ नुसार, तारण अपुरे असेल किंवा कृतीमुळे अपुरे ठरणार असेल, तर गहाण ठेवणाऱ्यास मालमत्तेची कायमची हानी करणारी कृती करता येत नाही. तारण इमारतीच्या स्वरूपात असल्यास तिचे मूल्य येणे रकमेहून निम्म्याने अधिक असावे लागते. उदाहरणार्थ, येणे रक्कम चाळीस लाख रुपये असेल तर इमारतीचे मूल्य साठ लाखांहून अधिक नसल्यास ते तारण अपुरे मानले जाते. याखेरीज कर्जाच्या करारातील अटीही पाहाव्यात.

दुरुस्तीसाठी कर्ज हवे असल्यास खर्चाचा अंदाज, अभियंत्याचा अहवाल, मालकीची कागदपत्रे व आवश्यक तेथे परवानगी यांची जुळवाजुळव आधी करावी. अंदाजपत्रकात केवळ दार व मोटर न धरता तुळई, तात्पुरते टेकू, खांबांचे बळकटीकरण व राडारोड्याची विल्हेवाट हेही धरावे. पुष्कळदा दारापेक्षा या बाबींचाच खर्च अधिक येतो आणि तो आधी न धरल्यास काम अर्ध्यावर थांबते. स्वतःच्या वास्तव्याच्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जावरील व्याजाची वजावट जुनी कररचना स्वीकारणाऱ्यास वर्षाला कमाल तीस हजार रुपयांपर्यंत मिळते, हेही ध्यानात असावे.

विम्याचाही विचार व्हावा. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या भारत गृह रक्षा या प्रमाणित विमा योजनेत घराबरोबर गॅरेज, फाटक व कुंपणाची भिंत यांचाही अंतर्भाव होतो. रचनेत बदल केल्यास तो विमा कंपनीस लेखी कळवावा.

अभियंत्याने खांब काढू नये असा सल्ला दिल्यास निराश होण्याचे कारण नाही. दोन्ही दारे खांबाच्या विरुद्ध बाजूंनी शक्य तेवढी रुंद करणे, जाड चौकटी काढून सडपातळ पोलादी चौकटी बसविणे किंवा दारासमोरील उतार सुधारणे एवढ्यानेही बरीच अडचण दूर होते. मात्र रुंदी वाढविताना टोकाच्या खांबांना धक्का लागू देऊ नये. कोणताही मार्ग निवडला तरी क्रम एकच ठेवावा: आधी अभियंता, मग परवानगी व संमती, मग बँक आणि सर्वांत शेवटी दाराचे दुकान.