चार चाकं, पाच टोप्या

जुनी गाडी उजळवायची म्हटलं की पावलं थेट डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे वळतात. पण घरच्या घरी, गॅलरीत वर्तमानपत्र पसरून करता येईल असं एक सुंदर काम आहे: चाकांवरच्या व्हील कॅप रंगवणं. चाकाच्या मधोमध बसणारी ही बशीएवढी पत्र्याची टोपी. रविवारची सकाळ मोकळी ठेवा, बाह्या वर सारा आणि हात चालू असताना या गोष्टीही ऐका.

१. आधी झाकण, मग दागिना
बैलगाडीच्या तुंब्यात वंगण घालताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच उमगेल. मोटारीच्या चाकातही बेअरिंगला ग्रीस लागतं. ते बाहेर येऊ नये आणि रस्त्याची धूळ आत जाऊ नये, म्हणून तुंब्यावर झाकण बसलं. ते मिरवायचा दागिना झालं ते पुढे.

२. चमक निकेलची, नाव क्रोमचं
जुन्या कॅपवरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. त्याच्या खाली निकेल असतं आणि चकाकीचं बरंचसं श्रेय त्याचंच. क्रोम फक्त त्याला काळवंडू देत नाही. मात्र या गुळगुळीत थरावर रंग ठरत नाही, नखानेही सोलून येतो. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा, मग वॉटर पेपर ओला करून चमक जाऊन पृष्ठभाग दुधी होईपर्यंत घासा. कोरडं घासू नका, ती धूळ नाकात जाता कामा नये. त्यावर एचिंग प्रायमरचा एक पातळ हात दिला की रंग घट्ट धरतो.

३. स्प्रेच्या डब्याचा पहिला रंग चंदेरीच
१९४९ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एडवर्ड सीमूर यांना आपला ॲल्युमिनियम रंग गिऱ्हाइकांना दाखवायचा होता. तो डब्यात भरून फवारण्याची कल्पना त्यांच्या पत्नीची, बॉनी यांची. आज कॅपवर आपण मारतो तो चंदेरी रंग म्हणजे स्प्रे पेंटचा थोरला भाऊच! डबा हलवताना खडखडते ती आतली गोळी, तळाशी बसलेली रंगाची पूड ती ढवळून काढते. दोन मिनिटं तरी हलवा. डबा एक वीत चार बोटं लांब धरा आणि हात सतत फिरता ठेवा, थांबलात की ओघळ आलाच. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात केव्हाही बरे. आणि हो, हा फवारा पेट घेतो. जवळ गॅस पेटलेला नको, देवापुढची समईसुद्धा नको.

४. ‘ड्यूको’ आला कुठून?
कपाट रंगवणारे कारागीरही आज ‘ड्यूको मारू का?’ असं विचारतात. हे मूळ मोटारीच्या रंगाचं नाव. ड्यूपाँट आणि जनरल मोटर्स यांनी १९२३ च्या सुमारास हा झटपट वाळणारा रंग आणला. त्याआधी एक गाडी रंगवून वाळायला आठवडे जात!

५. पावसाळ्यात डबा कपाटातच
ड्यूकोतलं थिनर झरझर उडतं आणि उडताना पत्रा थंड करतं. हवा दमट असली की त्या थंड पत्र्यावर बाष्प धरतं आणि रंगावर पांढुरकी साय येते. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर हे काम दिवाळीनंतरच काढा.

६. पत्त्यांचा डाव
कॅपबरोबर चाकाची रिमही रंगवायची आहे? टायरला चिकटपट्ट्या लावत बसू नका. पत्त्यांचा जुना कॅट घ्या आणि टायर व रिमच्या फटीत एकेक पान खोचत जा, प्रत्येक पान शेजारच्यावर थोडं चढवून. बघता बघता चाकाभोवती राजा-राणी-गुलामांचं कमळ फुलतं. १४ इंची चाकाला एक कॅट पुरून उरतो.

७. अक्षरं उजळवायची युक्ती
फोक्सवॅगन बीटलच्या कॅपवर मधोमध चिन्ह असतं, आणि खोलगट भागात रंग भरला की ते उठून दिसतं. रंग सगळीकडे लावा. मग सपाट लाकडी तुकड्यावर कापड ताणून गुंडाळा, थिनरचं बोट लावा आणि वरून अलगद फिरवा. उंचावरचा रंग निघतो, खोबणीतला राहतो. गावातल्या पाटीवरची अक्षरं जशी उमटतात, तशी ती स्वच्छ उमटतात.

८. टोपी चढली टॉवरवर
न्यूयॉर्कच्या १९३० च्या क्रायस्लर बिल्डिंगवर विटांच्या नक्षीत मोटारी धावतात आणि त्यांच्या चाकांच्या जागी धातूच्या हबकॅप आहेत. मर्सिडीजने १९६० आणि ७० च्या दशकांत कित्येक गाड्यांच्या कॅप थेट गाडीच्याच रंगात रंगवल्या. तेव्हा क्रोम सोडून रंग निवडलात, तर तुम्ही मोठ्या परंपरेत आहात.

९. कुर्ल्याची लेक
सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स उभी केली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातूनच फियाट आणि मग पद्मिनी बाहेर पडली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून कायमची गेली. घराघरांत जपलेल्या पद्मिनींची किंमत म्हणूनच वाढली. पैशांत असो नसो, मनात नक्की. तिच्या कॅप शोधायला आजही कुर्ल्याचा भंगारबाजार आणि चोर बाजार पालथा घालतात.

१०. आणि पाचवी?
१९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटातल्या पाठलागात काळ्या डॉज चार्जरच्या चाकांवरून चारपेक्षा जास्त कॅप उडतात! पडद्यावर चालतं ते. आपल्या गाडीची कॅप खड्ड्यात उडाली की ती गेलीच. नवी मिळाली तरी दोन वर्षं ऊन खाल्लेल्या चंदेरी रंगाशी ताज्या डब्याची छटा जुळत नाही. म्हणून बाजारातून चार नव्हे, पाच कॅप आणा, एकाच दिवशी, एकाच डब्याने रंगवा. पाचवी जुन्या धोतरात गुंडाळून डिकीत ठेवा. बाकीच्या चार कॅप चाकांवर ठेवून तळहाताने दाबा. ‘टक्’ असा आवाज आला की बसली.