कानातला कापूस

स्टीलच्या झाकणावर पांढरी, टिकलीएवढी गोळी ठेवून मावशी ब्लेडने तिचे दोन तुकडे करत होती. एक तुकडा टुणकन उडून मिक्सरमागे गेला. "गेली उद्याची रात्र," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं टॉर्च घेऊन ओट्यावर वाकलो.

काका गेल्यावर तिची झोप उडाली होती. डॉक्टरांनी अल्प्राझोलाम लिहून दिली, रात्री एक, 'पॉइंट फाइव्ह'ची. साडेतीन आठवडे तिने ती नेमाने घेतली आणि एका एकादशीला उपासाबरोबर गोळीही सोडली, कुणाला न विचारता. दुसऱ्याच रात्री टक्क जागी. तिसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली तर छाती धरून भिंतीला टेकली. हाताला कंप, तोंडाला पत्र्यासारखी चव. डॉक्टर म्हणाले, "काकू, सोडायचीच होती, पण अशी नाही." म्हणून हे ब्लेड.

महिनाभरही न घेतलेली एवढीशी गोळी, आणि अंगात एवढी धांदल आली कुठून? मी वाचायला बसलो आणि पहिल्याच पानावर थबकलो. या गोळीत शांतता नसतेच. ती आपल्याच मेंदूत असते.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना गप्प करायला गाबा नावाचं रसायन वापरतात. गाबा पेशीच्या एका दारावर येऊन बसलं की दार उघडतं, क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात आणि ती पेशी मग सहजी पेटत नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही एकाच घराण्यातली मंडळी त्या दाराच्या बाजूला एका खाचेत बसतात. दार त्या स्वतः उघडत नाहीत. गाबा आलं की ते जास्त वेळा उघडतं, एवढंच त्यांचं काम. म्हणजे हुकूम मेंदूचाच, या फक्त कड्या-कोयंड्यांना तेल घालतात.

हे घराणं सापडलं ते झाडलोटीत. लिओ स्टर्नबाख हे रसायनज्ञ अमेरिकेत न्यू जर्सीतल्या नटली इथे रोश कंपनीत काम करत. त्यांनी शामक म्हणून बरीच संयुगं बनवली आणि ती फुकट गेली. 1957 साली प्रयोगशाळा आवरताना एका सहकाऱ्याला त्यातलं एक न तपासलेलं, छान स्फटिकांचं संयुग दिसलं. फेकण्याआधी तपासून तर बघू, म्हणून ते प्राण्यांना दिलं, आणि ते लागू पडलं. गंमत अशी, की रेणूत स्टर्नबाखना वाटलं होतं ते कडं नव्हतंच. बनता बनता ते स्वतःहून फुगून सात अणूंचं झालं होतं. 1960 साली ते लिब्रियम म्हणून बाजारात आलं, 1963 साली त्यामागून व्हॅलियम.

आणि 1961 सालीच लिओ हॉलिस्टर या डॉक्टरांनी एक प्रयोग केला. आज कुणी करू देणार नाही असा. लिब्रियमचे मोठे डोस काही महिने घेणाऱ्या 11 रुग्णांची गोळी त्यांनी एकदम थांबवली. 10 जणांना त्रास झाला. दोघांना फिट्स आल्या, त्याही सातव्या-आठव्या दिवशी.

असं का व्हावं? कानात कापूस घालून टीव्ही लावा. आवाज कमी वाटतो, तुम्ही तो वाढवता. उद्या थोडा आणखी. मेंदू हेच करतो, आपल्याला न विचारता. बाहेरून कुणी शांतता वाढवतंय असं दिसलं, की गाबाची दारं थोडी हट्टी होतात आणि पेशींना चेतवणारी यंत्रणा जोर धरते. हे काही आठवड्यांतच सुरू होतं, म्हणून तर ब्रिटनमध्ये 1988 पासून ही गोळी दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्या असं डॉक्टरांना सांगितलं जातं. आता कापूस एकदम काढा. टीव्ही गर्जतोय! चमचा पडला तरी झांज वाजल्यासारखी.

यातला सापळा फार वाईट आहे. माणसाला वाटतं, जुनी घबराटच परत आली. तो पुन्हा गोळी घेतो, तासाभरात बरं वाटतं, आणि गोळीवाचून आपलं चालत नाही याचा त्याला पुरावाच मिळतो. खरं तर चार दिवसांचा तो आवाज मेंदूनेच वाढवून ठेवलेला असतो.

हा आवाज कधी ऐकू येणार, हे गोळीवर ठरतं. अल्प्राझोलाम साधारण अकरा तासांत निम्मी होते, म्हणून मावशीला दुसऱ्याच रात्री कळलं. डायझेपामचं यकृतात रूपांतर होऊन त्याहून चिवट रसायन तयार होतं आणि ते कित्येक दिवस रेंगाळतं. लिब्रियमचंही तसंच. हॉलिस्टरच्या रुग्णांचा आठवडा त्यातच गेला. उतरवण्यासाठी काही डॉक्टर रुग्णाला मुद्दाम डायझेपामवर आणतात, ते याच रेंगाळण्यासाठी. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलला हेदर अ‍ॅश्टन यांनी 1982 पासून बारा वर्षं गोळी सोडवण्याचं क्लिनिक चालवलं, त्यांचीही हीच रीत होती.

मग पायऱ्या केवढ्या घ्यायच्या? इथे एसटी आठवावी. गाडी खच्चून भरलेली असताना दहा माणसं उतरली, तर उभी असलेली दहा खाली बसतात, एकही सीट रिकामी होत नाही. गाडीत बाराच माणसं असताना दहा उतरली, तर गाडी ओस. मोठ्या डोसावर खाचांचं असंच होतं. दर वेळी सारखेच मिलिग्रॅम कमी केले, तर शेवटच्या पायऱ्या उंच होत जातात. म्हणून उरलेल्या डोसाचा ठरावीक हिस्सा कमी करतात. अमेरिकेतल्या 2025 च्या मार्गदर्शक सूचना दर दोन ते चार आठवड्यांना 5 ते 10 टक्के म्हणतात. दहा-दहा टक्क्यांनी सात पायऱ्या उतरलात, तरी जवळपास निम्मा डोस शिल्लकच!

पण ते बरेच दिवस गोळी घेणाऱ्यांसाठी. मावशीचा घाट छोटा होता. डॉक्टरांनी तिला आधी पुन्हा पूर्ण गोळीवर नेलं, मग 'पॉइंट टू फाइव्ह', मग तिचं अर्धं. प्रत्येक पायरीवर एक आठवडा, आणि त्रास झाला तर तिथेच थांबायचं. केमिस्ट दर वेळी चिठ्ठी बघून तिचं नाव वहीत लिहून घ्यायचा. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-1 मध्ये आहे, त्याला ते लिहावंच लागतं. मावशीला मात्र तो अपमान वाटे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती रोज एक फुली मारायची. मिक्सरमागचा तुकडा काही सापडला नाही. फुल्या संपल्यानंतरच्या आठवड्यात मी गेलो, तेव्हा ती डाळ लावून पेपर वाचत बसली होती. कुकर वाजला. मी तिच्याकडे बघितलं.

"ही दुसरी की तिसरी रे?" पान उलटत तिने विचारलं.