'किंग लिअर'मध्ये ग्लॉस्टरला सत्य कधी कळतं?

'मॅकबेथ'मध्ये डंकन राजाचा खून प्रेक्षकांना दिसत नाही. 'किंग लिअर'मध्ये मात्र एका म्हाताऱ्याचे डोळे भर रंगमंचावर, सगळ्यांदेखत काढले जातात.

हा म्हातारा म्हणजे अर्ल ऑफ ग्लॉस्टर. त्याला दोन मुलगे. एडगर औरस, एडमंड अनौरस. इस्टेटीसाठी एडमंड भावाच्या नावानं एक खोटं पत्र तयार करतो. बापाचा काटा काढून मालमत्ता वाटून घेऊ, असा त्याचा आशय. एडमंड ते लपवण्याचं नाटक करतो आणि ग्लॉस्टर हट्टानं मागून घेतो. त्यानंतर एडगरला समोर बोलावून एक प्रश्नसुद्धा तो विचारत नाही. डोळे शाबूत असतानाचं आंधळेपण ते हेच. जीव वाचवायला एडगर वेड्या भिकाऱ्याचं सोंग घेतो.

पुढे वादळात बाहेर राहिलेल्या लिअर राजाला ग्लॉस्टर चोरून मदत करतो आणि हे गुपित विश्वासानं एडमंडलाच सांगतो. एडमंड ते थेट लिअरचा जावई कॉर्नवॉल याच्या कानावर घालतो.

खटल्याशिवाय ग्लॉस्टरचा जीव घेणं बरं दिसणार नाही, हे कॉर्नवॉल जाणतो. पण आपल्या रागाला कोण अडवणार, हेही त्याला ठाऊक आहे. तो आणि त्याची बायको रीगन ग्लॉस्टरच्या घरी पाहुणे आहेत. तरी घरमालकालाच खुर्चीला बांधलं जातं. एडमंडला आधीच दूर पाठवलेलं असतं. बापाचे हाल त्यानं बघणं बरं नाही म्हणे!

एक डोळा काढल्यावर कॉर्नवॉलचाच एक नोकर तलवार उपसतो. लहानपणापासून त्याची चाकरी केलेला हा माणूस; शेक्सपिअरनं त्याला नावही दिलेलं नाही. रीगन त्याला पाठीमागून भोसकते, पण त्याचा वार कॉर्नवॉलचा जीव घेतो.

दुसरा डोळाही गेल्यावर ग्लॉस्टर हाक मारतो ती एडमंडला. तेव्हा रीगन सांगते, तुझं बिंग त्यानंच फोडलं. एडगर निर्दोष होता, हे ग्लॉस्टरला त्याच क्षणी उमगतं. बापाला सत्य कळतं ते छळणाऱ्यांच्या तोंडून.

मराठीत 'लिअर' म्हटलं की 'नटसम्राट' आठवतं, पण त्यात ग्लॉस्टरचं कथानक नाही. त्यासाठी विंदा करंदीकरांचा अनुवाद 'राजा लिअर' वाचावा.

1608 च्या छापील प्रतीत या प्रसंगाच्या शेवटी दोन नोकर ग्लॉस्टरच्या जखमांना अंड्याचा पांढरा बलक लावायचं ठरवतात. 1623 च्या प्रतीत हा संवाद नाही. पीटर ब्रूक यांनीही 1962 च्या प्रयोगात तो गाळला. आंधळ्याला वाट दाखवायला एका वेड्या भिकाऱ्याला गाठू, असंही ते नोकर बोलतात. तो भिकारी म्हणजे एडगर.