बापू कुटीतला मोर कुणाचा?

सेवाग्राम पाहिलंय का, असं वर्धेकराला विचारलं तर तो हसतोच. शाळेची सहल, २ ऑक्टोबर, बाहेरगावचे पाहुणे... मीही पाच-सहा वेळा तरी गेलेय. पण बापू कुटीच्या भिंतीवर मोर आहे, हे मला बाविसाव्या वर्षी कळलं. तेही एका आजोबांनी नातीला बोट करून दाखवला म्हणून!

मोर रंगवलेला नाही. भिंतीच्याच मातीतून उठाव देऊन केलाय. सोबत ताडासारखी उंच झाडं, चरखा आणि ॐ. समोर उभं राहून चटकन लक्षात येत नाही. जरा बाजूला सरकलं आणि उजेड तिरपा पडला की पिसारा दिसायला लागतो. हे काम मीराबेनचं.

अ‍ॅडमिरलची लेक

मीराबेन म्हणजे मॅडलिन स्लेड. जन्म २२ नोव्हेंबर १८९२, इंग्लंडमधला. वडील ब्रिटिश नौदलात मोठे अधिकारी. घरी पैसा, घोडे, पियानो. मॅडलिन बीथोवनच्या संगीताची वेडी होती. त्या वेडापायीच ती फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांना भेटायला गेली आणि त्यांच्याकडून तिला गांधी कळले.

मग ती लगेच बोटीत बसली का? नाही. आधी जवळपास वर्षभर तिने तयारी केली. सूत कातायला शिकली, मांसाहार सोडला, जमिनीवर झोपायची सवय केली. नोव्हेंबर १९२५ मध्ये ती साबरमतीला पोचली आणि गांधीजींनी तिला नाव दिलं, मीरा.

सेगावची कुटी

१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. हेच पुढे सेवाग्राम झालं. त्यांच्याआधीच मीराबेन या गावात काम करत होत्या. तेव्हाचं सेगाव म्हणजे चिखल, साप आणि हिवताप. त्या स्वतः इथे टायफॉइडने आजारी पडल्या. आज आपण जिला बापू कुटी म्हणतो, ती मुळात त्यांचीच कुटी. बांबू, माती आणि वर कवेलू. नंतर गांधीजी तिथे राहू लागले.

मला इथे प्रश्न पडला. ज्या खोलीत गरजेपलीकडची एक वस्तू नाही, तिथे मोर कशाला? मोराने सूत निघत नाही की पोट भरत नाही. तरी तो तिथे राहिला.

उत्तर मला आमच्या आजीकडे सापडलं. तिचं गावातलं घर मातीचं होतं. मातीत शेण-गव्हांडा कालवून ती भिंत छाबायची, वरून पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायची आणि शेवटी बोटांनी दाराशेजारी दोन चिमण्या काढायची. तिला विचारलं, 'चिमण्या कशाला गं?' तर म्हणाली, 'भिंत उघडी दिसते नं माय.' बस्स, एवढंच! हजारो मैलांवरून आलेल्या बाईने आपल्याकडच्या बायकांसारखीच भिंत सजवली होती.

पुढे काय झालं?

१९४२ मध्ये गांधीजींसोबत मीराबेनलाही अटक झाली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्या कैदेत होत्या. नंतर त्या हृषीकेशकडे गेल्या, गाईगुरांसाठी 'पशुलोक' उभारलं. हिमालयात बांजाची झाडं जाऊन चीड वाढतोय आणि त्याचा पुराशी संबंध आहे, हे त्यांनी १९५२ मध्येच लिहून ठेवलं. १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला आणि व्हिएन्नाजवळ, म्हणजे पुन्हा बीथोवनच्याच मुलखात राहिल्या. १९८१ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २० जुलै १९८२ रोजी त्या गेल्या. त्यानंतर काही महिन्यांनी 'गांधी' सिनेमा आला.

पण सिनेमातली मीराबेन आपल्याला आठवते आणि भिंतीवरचा मोर दिसत नाही.

आजीचं घर आता सिमेंटचं झालंय. चिमण्या गेल्या, फोटोसुद्धा नाही. मातीची भिंत दरवर्षी हात मागते. कुणी लिंपलं नाही तर दोन-चार पावसाळ्यांत संपते. बापू कुटीतला मोर आजही आहे, कारण कुणीतरी ती भिंत नीट जपतंय.

पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन गेलात तर घाई करू नका. जरा बाजूला सरका आणि भिंत बघा.