रक्तातील मद्यार्क आणि वेळेची नोंद

महाराष्ट्रात वाहनचालकाच्या रक्तातील मद्यार्क मोजण्याचे काम सुरू होते ते सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात, आणि बहुधा मध्यरात्र उलटल्यावर. पोलीस अंमलदार संशयिताला घेऊन येतो, त्याच्या हातात वैद्यकीय तपासणीची मागणी करणारे पत्र असते, ज्याला ठाण्यात आणि रुग्णालयात नुसते ‘यादी’ म्हणतात, आणि कर्तव्यावरील वैद्यकीय अधिकारी त्या यादीवरील नाव, ओळखखूण व वेळ नोंदवहीत उतरवून तपासणीला लागतो. तपासणीचा पहिला भाग इंद्रियांनी करावयाचा असतो: श्वासाला मद्याचा वास आहे का, डोळे तांबारलेले आहेत का, बाहुल्यांचा आकार कसा आहे, बोलणे अडखळते का, सरळ रेषेत चालताना तोल जातो का. ही लक्षणे टिपणे आवश्यक असले तरी त्यांवर निष्कर्ष उभा राहत नाही. रक्ताची किंवा लघवीची तपासणी झालेली नसताना केवळ वास, झोकांड्या आणि अडखळते बोलणे यांवरून मद्यप्राशन निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये महाराष्ट्रातीलच एका खटल्यात स्पष्ट केले. या निर्णयामागचे वैद्यकीय कारण कायदेशीर कारणाइतकेच भक्कम आहे. मेंदूत रक्तस्राव झालेला, रक्तातील साखर एकाएकी घसरलेला किंवा अनियंत्रित मधुमेहामुळे श्वासाला ॲसिटोनचा वास येत असलेला रुग्ण वरवर पाहता नशेत असल्यासारखाच दिसतो, आणि ‘प्यायला आहे’ असे समजून अशा रुग्णाला बाकावर पडू देणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय.

रक्त काढण्याची रीत मद्यनिषेध कायद्याखालील १९५९ च्या नियमांनी आखून दिली आहे. शिरेतून किमान पाच मिलिलिटर रक्त घ्यावयाचे असते आणि या साऱ्या क्रियेत कोठेही मद्यार्काचा स्पर्श होऊ द्यावयाचा नसतो. म्हणून एरवी सुई टोचण्यापूर्वी सवयीने फिरवला जाणारा स्पिरिटचा बोळा येथे वर्ज्य ठरतो आणि त्वचा मद्यार्कविरहित जंतुनाशकाने पुसली जाते. ज्या कुपीत रक्त भरले जाते तिच्या तळाशी सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट या दोन पांढऱ्या क्षारांची चिमूट असते. ऑक्झलेट रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे रक्त साकळत नाही. फ्लोराइड जंतूंमधील विकरांना, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना, निष्प्रभ करते, त्यामुळे रक्तातील साखर आंबून कुपीतच नवा मद्यार्क तयार होण्याची वाट बंद होते. कुपी हलक्या हाताने उलटसुलट करून क्षार मिसळले जातात, बूच घट्ट बसवले जाते, नाव, तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवली जाते आणि वर मोहोर उमटवली जाते. अधिकारी तपासणीचे प्रमाणपत्र एका विहित नमुन्यात आणि रासायनिक विश्लेषकाला द्यावयाचे पत्र दुसऱ्या नमुन्यात भरतो. या कागदांवरील सर्वांत मोलाची नोंद म्हणजे रक्त काढल्याची नेमकी वेळ होय, आणि गर्दीच्या रात्री घाईघाईने, अंदाजाने लिहिली जाण्याचा धोकाही तिलाच सर्वाधिक असतो. ही नोंद इतकी महत्त्वाची का, हे मद्यार्काचा शरीरातील प्रवास पाहिल्यावर उलगडते.

इथाइल अल्कोहोल हा लहान आणि पाण्यात सहज मिसळणारा रेणू आहे, त्यामुळे त्याला पचनाची गरज भासत नाही. त्याचा सुमारे पाचवा हिस्सा जठरातून आणि उरलेला बहुतेक भाग लहान आतड्यातून थेट रक्तात शोषला जातो. पोट रिकामे असेल तर मद्य जठरातून आतड्यात लवकर उतरते आणि रक्तातील प्रमाण अर्ध्या ते एका तासात शिखर गाठते. भरल्या पोटी जठराचे खालचे द्वार अन्नाच्या पचनासाठी मिटलेले राहते, मद्य थोडेथोडे पुढे सरकते, शिखर उशिरा येते आणि ते ठेंगणेही असते. रक्तात आलेला मद्यार्क शरीरातील पाण्यात सर्वत्र पसरतो, चरबीत मात्र जवळजवळ शिरत नाही. म्हणूनच सारख्या वजनाच्या स्त्री-पुरुषांनी सारखेच मद्य घेतले तरी स्त्रीच्या रक्तातील प्रमाण सहसा अधिक भरते, कारण तिच्या शरीरातील पाण्याचा वाटा सरासरीने कमी असतो.

घेतलेल्या मद्यार्कापैकी अगदी थोडा भाग श्वास, लघवी आणि घाम यांवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. उरलेल्या नव्वद टक्क्यांहून अधिक भागाची विल्हेवाट मुख्यतः यकृत लावते. तेथे अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर त्याचे ॲसिटाल्डिहाइड या विषारी पदार्थात रूपांतर करते, दुसरे विकर त्यापासून निरुपद्रवी ॲसिटेट बनवते आणि ॲसिटेटचे अखेर पाणी व कार्बन डायऑक्साइड होते. यातील पहिल्या विकराची क्षमता फार थोडी आहे. रक्तातील मद्यार्क १०० मिलिलिटरला सुमारे २० मिलिग्रॅमच्या वर गेला की ते पूर्ण क्षमतेने काम करू लागते आणि त्यापुढे मद्यार्क कितीही वाढला तरी त्याचा वेग वाढत नाही. खिडकीसमोरची रांग कितीही लांबली तरी तिकिटे देणारा कारकून एकच असावा, तशी यकृताची स्थिती होते. बहुतेक औषधांचे रक्तातील प्रमाण ठराविक काळाने निम्मे होत जाते, मद्यार्क मात्र ठराविक काळाला ठराविक वजनाने कमी होतो, आणि हा वेग बहुतेक माणसांत तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १० ते २० मिलिग्रॅम, सरासरीने १५ मिलिग्रॅम एवढा भरतो. दीर्घकाळ नियमित पिणाऱ्यांत यकृतातील एक पर्यायी विकरव्यवस्था वाढीस लागल्याने तो २५ किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो. लिंबूपाणी, कडक कॉफी, ताक, गार पाण्याची आंघोळ, ओकारी काढणे यांपैकी कशानेही रक्तात पोहोचलेला मद्यार्क लवकर उतरत नाही. कॉफीने झोप उडते आणि जागा झालेला माणूस स्वतःला शुद्धीवर आलेला समजून गाडीची किल्ली उचलतो, हा त्यातला खरा धोका आहे.

या स्थिर वेगाचा हिशेब प्रथम शास्त्रशुद्ध पायावर मांडला तो स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या एरिक विडमार्क यांनी. बोटाच्या टोकातून घेतलेल्या काही थेंबांत मद्यार्क मोजण्याची पद्धत त्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९३२ च्या जर्मन ग्रंथात प्यायलेले मद्य, शरीराचे वजन, रक्तातील प्रमाण आणि लोटलेला वेळ यांना जोडणारे सूत्र सिद्ध केले. त्या सूत्रात शरीराचे वजन एका गुणकाने गुणले जाते. हा गुणक म्हणजे शरीराचा किती भाग मद्यार्क सामावून घेतो याचे माप असून पुरुषांसाठी तो सरासरी ०.६८ आणि स्त्रियांसाठी ०.५५ धरला जातो. भारतीय व्हिस्कीत मद्यार्क आकारमानाने ४२.८ टक्के असतो, म्हणून ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगात सुमारे २० ग्रॅम मद्यार्क भरतो. ७० किलोच्या पुरुषात एवढा मद्यार्क एकदम पसरला, तर १०० मिलिलिटर रक्तात त्याचे प्रमाण सुमारे ४५ मिलिग्रॅम येते, आणि ५५ किलोच्या स्त्रीत सुमारे ७०. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ ने चालकासाठी ठरवलेली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. प्रत्यक्षात शोषण सावकाश होत असल्याने शिखर या आकड्यांपेक्षा काहीसे खाली राहते. तरीही ‘एकाच पेगाने काय होते’ हा समज किती भ्रामक आहे हे या साध्या गुणाकार-भागाकाराने दिसते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत तर ४१ ग्रॅम, म्हणजे दोन मोठ्या पेगांइतका मद्यार्क असतो, हे ‘फक्त बिअर’ घेणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

रस्त्यावर पोलीस जे यंत्र तोंडाशी धरतात तेही रक्ताचाच अंदाज बांधते. फुप्फुसांच्या तळाशी रक्त आणि हवा यांत मद्यार्काची वाटणी होते, आणि २१०० मिलिलिटर श्वासातील मद्यार्क हा एक मिलिलिटर रक्तातील मद्यार्काएवढा असतो, असे धरून यंत्राचा आकडा काढलेला असतो. हे गुणोत्तर माणसागणिक बदलते, शिवाय नुकताच घेतलेला घोट किंवा चूळ भरण्याचे औषध तोंडात रेंगाळत असेल तर आकडा फुगतो, म्हणून फुंकर घेण्यापूर्वी १५ मिनिटे थांबणे शास्त्राला धरून असते.

मोहोरबंद कुपी जाते ती गृहविभागाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत. मुंबईतील प्रयोगशाळा कालिना येथे आहे आणि पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. तेथून येणाऱ्या अहवालाला पोलीस आणि वकील आजही रासायनिक विश्लेषकाच्या पदनामावरून ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. विश्लेषक प्रथम मोहोर शाबूत आहे का आणि पत्रावरील ठशाशी ती जुळते का हे पाहतो. पूर्वी रक्तातून उडालेला मद्यार्क पोटॅशियम डायक्रोमेटच्या आम्लयुक्त द्रावणात शोषून घेत आणि नारिंगी द्रावण किती हिरवे झाले यावरून प्रमाण काढत. परंतु मिथाइल अल्कोहोलसारखे इतर उडून जाणारे पदार्थही तोच रंगबदल घडवतात, ही त्या पद्धतीची मोठी उणीव होती. गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्राने ती दूर केली. मोजून घेतलेल्या रक्तात एन-प्रोपेनॉल हा तुलनेसाठीचा पदार्थ ठरावीक प्रमाणात मिसळून ते छोट्या काचकुपीत बंद करतात आणि कुपी साधारण ६० अंश सेल्सिअसला तापवतात. द्रवातील मद्यार्काचा काही भाग वरच्या मोकळ्या जागेत वाफरूपाने जमतो आणि रक्त आत न जाता केवळ ती वाफ यंत्रातील लांब, केसासारख्या बारीक नळीत सोडली जाते. नळीतून प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळी बाहेर पडून ज्योतीत जळतो, आलेखावर त्याचे टोक उमटते, टोकाच्या जागेवरून पदार्थ ओळखला जातो आणि टोकाच्या क्षेत्रफळाची एन-प्रोपेनॉलच्या टोकाशी तुलना करून प्रमाण काढले जाते. ज्ञात प्रमाणाची द्रावणे आधी चालवलेली असतात, आणि दोन वेगळ्या वाचनांचा मेळ बसला तरच आकडा ग्राह्य धरला जातो.

इतक्या काळजीने आलेला आकडा सांगतो तो मात्र सुई टोचली त्या क्षणाविषयी, आणि न्यायालयाला हवा असतो तो अपघाताचा क्षण. समजा, अपघात रात्री साडेअकराला झाला, रक्त पहाटे साडेतीनला घेतले आणि अहवालात २२ मिलिग्रॅम आले. वरवर पाहता चालक मर्यादेच्या आत आहे. पण मधल्या चार तासांत तासाला १० ते २० मिलिग्रॅम या वेगाने ४० ते ८० मिलिग्रॅम जळून गेले असणार, म्हणजे अपघाताच्या वेळी प्रमाण ६२ ते १०२ च्या दरम्यान असावे. हा मागे जाणारा हिशेब दोन अटींवरच टिकतो. अपघातापूर्वी शोषण पूर्ण झालेले असावे, कारण शेवटचा पेग नुकताच पोटात गेला असेल तर प्रमाण त्या वेळी चढते असते आणि मागे मिळवलेले मिलिग्रॅम आरोपीवर अन्याय करतात. आणि नमुन्यात मद्यार्क मोजण्याइतका शिल्लक असावा, कारण शून्य आल्यावर तो केव्हा संपला हे कोणत्याही सूत्राला सांगता येत नाही. म्हणून सचोटीचा तज्ज्ञ साक्षीत एकच आकडा ठोकून सांगत नाही. तो पल्ला सांगतो, त्यामागची गृहीतके सांगतो आणि संशयाचा फायदा देण्यासाठी खालची बाजू पुढे ठेवतो.

१९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे पहाटे अडीचच्या सुमारास मोटारीने दोन तरुणांचा बळी घेतला, तेव्हा चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाचे रक्त कित्येक तासांनी, सकाळी घेतले गेले आणि नंतर तो नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण नमुना तंतोतंत खरा असता तरी एवढ्या विलंबात सरासरी वेगाने शंभराच्या आसपास मिलिग्रॅम नाहीसे होऊ शकतात, ही गोष्ट चर्चेत मागे पडली.

अपघातात चालकच दगावला असेल तर काम आणखी नाजूक होते, कारण मृत्यूनंतर यकृत थांबते पण जंतू थांबत नाहीत आणि उष्ण हवेत ते रक्तातील साखरेपासून मद्यार्क तयार करतात. शवविच्छेदनात रक्त मांडीतील शिरेतून घेतात, कारण हृदयाजवळच्या रक्तात जठरातील मद्य झिरपलेले असू शकते, आणि त्यासोबत डोळ्यातील काचद्रव, म्हणजे नेत्रगोलाच्या पोकळीतील पारदर्शक द्रव, घेणे इष्ट असते. नेत्रगोल बंदिस्त असल्याने जंतू तेथे उशिरा पोहोचतात. रक्तात मद्यार्क सापडला आणि काचद्रवात सापडला नाही, तर तो मृत्यूनंतर निर्माण झालेला असण्याची शक्यता बळावते. विम्याच्या दाव्यासाठी त्याच अहवालाची वाट पाहणाऱ्या कुटुंबासाठी विश्लेषकाने ही शक्यता अहवालात स्वच्छ शब्दांत लिहिणे अत्यावश्यक असते.